गाण्यातलं नाव

केजच्या कचेरीच्या ओसरीवर बायनाबाई आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. तिच्यापुढं तुणतुणंवाला आश्रुबा अर्ज लिहिणाऱ्या वैजिनाथअप्पाला आपलं गाऱ्हाणं सांगत होता.

"निवडणुकीला उभ्या देशमुखानं मिरवणुकीत माजं गाणं दुसऱ्याकडून म्हणवून घेतलं, अप्पा. मला इचारलं बी न्हाई."

"सारा तालुका तुजं गाणं ऐकतोय की. रडतो कावून?"

"बायकू गेल्यावर तिच्यासाठी रचलतं ते. ह्येंनी तिचं नाव काढून देशमुखाचं घातलं."

"बरं. काय नाव व्हतं तिचं? अर्जात लिवावं लागंल."

आता सांगंल, असं बायनाबाईला वाटलं. आश्रुबा तुणतुण्याची खुंटी पिळू लागला.

"आरं, सांग की."

"कसं सांगू? ती व्हती तवा 'आगं, ऐकलं का' म्हणूनच हाक मारली. बायकूचं नाव कुणी चारचौघांत घेतंय का? गाण्यातच तेवढं घेत व्हतो."

"मग गाऊन सांग. मी लिवून घेतो."

आश्रुबानं तुणतुणं मांडीवर घेतलं, तार छेडली आणि लगेच बोटानं दाबून धरली.

"अप्पा, काल घरी एकटाच गात व्हतो. माज्या बी तोंडात देशमुखाचंच नाव आलं."