चाक हलल्यावरचा पगार

(शिरगाव, बदलापूर पूर्व. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची बाहेरची खोली. दुपारची वेळ.)

बनूबाई : नाय गो बाय, मना नाय जमाचा. तेच सांगाला आले. दुसरी कोन बघ.

ऋता : अहो, पण परवापर्यंत हो म्हणत होतात! त्या भरवशावर मी कंपनीला कळवून बसले, गुरुवारपासून येते म्हणून.

बनूबाई : तवा हो होता. आता नाय.

मालिनी : बनूबाई, असं ऐन वेळेला पाय मागे घेऊ नका. बाळंतपणात सव्वा महिना मालीश तुम्हीच केलीत, शेक तुम्हीच दिलात. राजसी सात महिन्यांची झाली, तरी अजून तुमच्याशिवाय कुणाच्या हातून बाटली तोंडात धरत नाही. मी आजी असून माझ्या हातातली थुंकून टाकते.

बनूबाई : ते पोरीचा आनि माजा हाय. त्यात पैशेवाल्यांचा काय नाय.

ऋता : पैसेवाले कोण आता?

बनूबाई : मी कशाला बोलू? तुज्या सासूला विचार.

ऋता : बरं, मग तिला मांडीवरून खाली तरी ठेवा. नाही म्हणायला आलात आणि आल्या आल्या तिलाच उचललंत.

बनूबाई : झोपलीय. झोपलेल्या पोरीशी माजा कायपन भांडन नाय.

मालिनी : स्पष्ट बोला ना. बारा हजार ठरले होते. कमी वाटतायत का?

बनूबाई : तीन लाखातले बारा! वाटतील नाय तर काय.

ऋता : कुणाचे तीन लाख?

बनूबाई : तुजे. आनि कोनाचे? रथसप्तमीच्या हलदीकुंकवाला ताई सगल्या बिल्डिंगीसमोर बोलल्या, आमची ऋता पायलट, महिन्याला तीन लाख घेते. खालच्या मजल्यावरच्या उमाच्या हातातली अत्तरदानी खाली पडाची बाकी होती. मी तिथंच बसलेली, वान घेऊन. आनि मना आठवली ती साडी.

मालिनी : कुठली साडी?

बनूबाई : सव्वा महिन्याचे पैशे देताना वर दिलीत ती. मोरपंखी. उल्हासनगरच्या मार्केटातली, सिंध्याकडं भाव करून आनलेली. हात लावला का मना कलतं. मी तवा कायच बोलले नाय. म्हटला, शिकलेली मानसा, लोनवाली मानसा, देतील तेवढा खरा. आनि ताई बोलतात तीन लाख.

मालिनी : तीन साड्या मिळत होत्या हजाराला, त्यातली नव्हती हो ती. वेगळी घेतली होती.

ऋता : आई, एक मिनिट. साडीचं राहू द्या. तीन लाख तुम्हाला कुणी सांगितलं?

मालिनी : सांगायला कशाला हवं? मी आणि ह्यांनी मिळून हिशेब केला. तूच म्हणाली होतीस ना, ऐंशी हजार बांधलेले आणि वर तासाला आठशे. तू पहाटे तीनला घर सोडतेस, दुपारी चारला परत. झाले तेरा तास. महिन्यातले बावीस दिवस धरले. हे म्हणाले, तीन लाखाच्या वरच जातंय, पण आपण तीनच म्हणू, नजर लागायला नको.

ऋता : अहो, तेरा तास कसे धरलेत?

मालिनी : कसे म्हणजे? ह्यांची अंबरनाथच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं गेली. गेटवर पंच केलं की वेळ सुरू, गेटातून बाहेर पडलं की बंद. ओव्हरटाइम तसाच मिळायचा. मशीन चालू असो नाहीतर दुपारभर बंद पडलेलं असो, माणूस आत आहे ना!

ऋता : आमचं तसं नसतं, आई. आमचे तास विमानाचे असतात, माणसाचे नाही.

बनूबाई : म्हंजे?

ऋता : म्हणजे विमानाचं चाक हललं की तास सुरू. तिकडे जाऊन चाक थांबलं की तास बंद. आठशे तेवढ्याचेच.

बनूबाई : मंग मधी?

ऋता : मधे काही नाही. तळोज्यापर्यंत जायचं ते आपल्या खर्चाने, कारण कंपनीची गाडी तिथून पुढे मिळते, बदलापुरात येत नाही. मग विमानतळावर तासभर आधी हजेरी, हवामानाचे कागद, तपासणी. नांदेडला उतरलो आणि धुकं आलं, तर बसून राहायचं. जळगावला एकदा चार तास बसलो होतो. प्रवासी आत, आम्ही आत, विमानाचे पंखे बंद.

बनूबाई : चार तासाचे काय दिले?

ऋता : एक सँडविच.

बनूबाई : काय सांगतेस! आमचा पोरगा अल्पेश रिक्षा चालवतो, तोपन वेटिंग लावतो गो.

मालिनी : बदलापुरात मीटरच नाही, तर वेटिंग कसलं लावतो तो?

बनूबाई : तोंडान् लावतो. पन लावतो!

ऋता : हळू. उठेल ती.

बनूबाई : नाय उठत. बोल तू. मंग महिन्याचे किती होतात?

ऋता : तेरा तासांत चाक हलतं ते चार तास, कधी साडेचार. आणि उडणं बावीस दिवस नसतं, बारा-तेरा दिवस; महिन्याचे पन्नास तास भरले तर खूप. सगळं धरून लाखाच्या थोडं वर जातं. पण ते आधी. आता बाळंतपणाच्या रजेनंतर परत जातेय, तर पहिले दोन महिने शिकवणाऱ्या कॅप्टनबरोबर उडायचं. त्यात तासाचे पैसे नाहीत. नुसते ऐंशी.

मालिनी : ऐंशीच?

ऋता : टॅक्स कापायच्या आधीचे. आणि ट्रेनिंगच्या लोनचा हप्ता एकसष्ट.

मालिनी : तो तर माझा यज्ञेश भरतो ना?

ऋता : मी रजेवर होते तोपर्यंत भरला त्याने. नोकरी चाकणला, तिथल्या खोलीचं भाडं, मेसचे पैसे, शनिवार-रविवारची ये-जा, इथलं भाडं. त्याच्याकडे काय राहतं? अजून आठ वर्षं आहे तो हप्ता, आई.

बनूबाई : म्हंजे हातात ईस पन नाय.

ऋता : नाही.

बनूबाई : आनि त्यातले मना बारा देत होतीस?

ऋता : हो. दूध काढून फ्रिजमध्ये ठेवायचं, बाकी तुमच्यावर सोपवायचं. दुसरं कुणी मला सुचलंच नाही.

मालिनी : ऋता, मला एका शब्दाने बोलली नाहीस.

ऋता : तुम्ही इतक्या आनंदाने सांगत होतात सगळ्यांना. फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये, फोनवर मावशींना. बाबा तर आजारपणात पहिल्यांदा हसले ते माझा पगार सांगताना. मी म्हटलं, राहू दे.

मालिनी : राहू दे काय! मी अख्ख्या अंबरनाथला सांगून बसले.

बनूबाई : बदलापूर पन राहिला नाय ताई.

मालिनी : मग मला एक सांग. एवढं करून हातात काही उरणार नसेल, तर जायचं कशाला? वर्षभर घरी राहा. पोरीला चालायला लागू दे. हप्त्याचं आपण बघू, माझी थोडी एफडी आहे. ह्यांना सोडून मला इथे राहता येत नाही, नाहीतर मीच राहिले असते. आज जेवण भरवायलासुद्धा शेजारचा सुदाम बसलाय.

ऋता : अजून वर्ष घरी बसले तर परत सगळ्या परीक्षा, परत सिम्युलेटरवरची चाचणी. आणि तोपर्यंत माझ्या मागून आलेली मुलं पुढे जातात. कॅप्टन व्हायला पंधराशे तास लागतात, आई. माझे पाचशे झालेत. पैसे तिथे पोचल्यावर मिळतात. पेपरात वाचता ना, पायलटला एवढे न् तेवढे, ते डाव्या सीटवरच्या कॅप्टनला. उजवीकडच्या सीटवर बसणाऱ्या आमच्यासारख्यांचं कुणी छापत नाही.

मालिनी : म्हणजे अजून हजार तास. चाकाचे.

ऋता : चाकाचे.

मालिनी : मग मी म्हणते तेच. एवढी ओढाताण करून...

ऋता : मला जायचंय, आई.

मालिनी : हो, पण...

ऋता : हप्ता नसता तरी गेले असते. हे मी यज्ञेशलापण असं सरळ सांगितलं नाही कधी. त्याला हप्त्याचंच कारण देते, ते सोपं पडतं. पण पहाटे विमान वर निघालं की हाजीमलंगचा डोंगर डावीकडे दिसतो, मग उल्हास नदी, आणि मी त्या पट्ट्यात आपली बिल्डिंग शोधते. आता त्यात ती असणार. तिला सोडून जायचं म्हटलं की भरलेली बॅग रिकामी करते. आणि जायचं नाही म्हटलं, की परत भरते.

बनूबाई : दिसते का बिल्डिंग?

ऋता : नाही. सगळ्या सारख्याच दिसतात.

बनूबाई : आमचा शेत होता इथं, तवा दिसला असता. खाचरं होती. बरं ते जाऊ दे. गुरवारी कधी निघाचा हाय?

ऋता : तीनला.

मालिनी : बनूबाई, म्हणजे तुम्ही...

बनूबाई : ताई, मना तुमचा राग होता, पोरीचा नाय. आता तुमचापन नाय. तुमी खोटा बोलला नाय, गेटाचा हिशोब लावला. मी सुदा तोच लावला असता. ऋता, दोन महिने मना आठ दे. तासाचे चालू झाले का बारा. कॅप्टीन झालीस का मंग मी बोलेन, तवा तू ऐकाचा.

ऋता : आठ नको. बाराच घ्या. मी करेन काहीतरी.

मालिनी : वरचे चार मी देईन, ह्यांच्या पेन्शनीतून. नात माझी आहे.

बनूबाई : द्या. नाय कशाला बोलू? पन एक हाय. तुज्या कंपनीसारखा मीटर मना नाय चालाचा.

ऋता : म्हणजे?

बनूबाई : पोर झोपली का माजा टाइम बंद, असा नाय. ती झोपलेली असते तवा मी जागी असते. तुज्यासारखी, त्या जलगावात.

ऋता : नाही हो बनूबाई. गेटचा हिशेब. आत आलात की सुरू.

मालिनी : आणि मला आता कुणी विचारलं तर मी काय सांगायचं? तीन लाख परत कसे घेऊ?

बनूबाई : घेवाचे कशाला? बोला, बनूबाई ठेवलीय पोरीला. तीन लाखाशिवाय कोनाला परवडते बनूबाई?

मालिनी : हसवू नका हो. ह्यांना मात्र खरं सांगावं लागेल. त्यांना हिशेब चुकलेला चालत नाही.

ऋता : मी सांगते बाबांना. रविवारी येते अंबरनाथला, राजसीला घेऊन. आई, तुम्ही रागावलात का?

मालिनी : तुझ्यावर? नाही गं. चार तास नुसतं बसवून ठेवतात आणि सँडविच देतात, त्यांच्यावर. बाळंतपणाच्या आधी तू थकून यायचीस, आणि मी मनात म्हणायचे, तीन लाखाचं काम आहे, थकणारच. चहा तरी जरा लवकर टाकला असता.

ऋता : टाका की आता.

मालिनी : टाकते. बनूबाई, तुम्हाला साखर किती?

बनूबाई : दीड चमचा. आनि ऐक गो, ऋता. मी बुधवारी संध्याकालीच यते झोपाला. तीनला अल्पेशची रिक्षा दाराशी लावाला सांगते, तलोज्यापर्यंत सोडेल. गॅसचे दे, बाकी नको.

ऋता : तो वेटिंग लावेल.

बनूबाई : मी सांगेन त्याला. आनि जाताना तिला उठवू नको. घेऊ पन नको, मुका पन नको. मी परक्याची बालं न्हाऊ घालाला जायची, तवा अल्पेशला झोपेत ठेवूनच निघायची. एक दिस उठवून निघाले, तर आत्याच्या कडेवर दिसभर दाराकडं तोंड करून बसला.

ऋता : पण न बघता कशी निघू मी, बनूबाई?

बनूबाई : बघ ना. बघू नको कुठं बोलले? युनिफारम घाल, बॅग घे, चपला हातात धर, आनि मंग दाराशी उभी राहून बघ. पायजे तेवढा बघ.