ससाण्याच्या पंखावरचा पोचा

—नाही, नाही, जुन्या रुमालात गुंडाळून आणलात म्हणून तो खरा होत नाही, बाई. सगळे रुमालातच आणतात. परवा एक जण आला होता मखमलीच्या डबीत घालून — म्हणे आजोबांच्या पलटणीचा बिल्ला, हाच टोपीवर लावून आजोबांनी लढाया मारल्या. मी म्हटलं, आजोबा लढले असतील हो, पण हा बिल्ला गेल्या वर्षी जन्माला आलाय. तोंड एवढंसं झालं. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय — स्टुलावर बसा. आणि खिडकीसमोरून जरा सरका, उजेड अडतोय.

आता बघा. लोक काय करतात — बिल्ला हातात आला की तोंड बघतात. ससाणा आहे? आहे. भाला आहे? आहे. झालं, खरा! अहो, तोंड काय, कोणीही रंगवील. पाठ बघायची, पाठ! शिपाई रोज सकाळी बिल्ल्याचं तोंड घासतो — नाही घासलं तर वरचा साहेब त्याची चामडी लोळवतो. म्हणून खऱ्याचं तोंड झिजून गुळगुळीत होतं आणि पाठ राहते काळी, कारण पाठीला कोण कशाला हात लावतोय? आणि हे नकला करणारे दीडशहाणे — जुना दिसावा म्हणून तोंड काळं करतात आणि पाठ ठेवतात लखलखीत. सगळंच उलटं! माझी शाळा चौथीपर्यंत, पण चाळीस वर्षं बिल्ले जमवतोय. भले भले कोटवाले इथून हात चोळत गेलेत.

द्या इकडे. हं. तोंडावर झिजलाय खरा. आई रोज अंगठ्याने घासते? किती वर्षं — एकतीस? म्हणजे झीज खरी आहे, बिल्ला खोटा आहे. ते भिंग द्या. हे बघा, पिसांच्या खाचांत बारीक बारीक खड्डे — देवीचे व्रण असावेत तसे. वाळूच्या साच्यात ओतलंय हे. खरा बिल्ला ओतत नाहीत, पोलादी ठशाखाली दाबून काढतात, त्याची एकेक रेघ नखाला लागते. आणि हा मोजलात तर खऱ्यापेक्षा केसभर लहान भरेल, कारण पितळ निवताना आकसतं. कुणा ठोंब्याचं काम आहे. वर ठोंब्याने आणखी एक करून ठेवलंय — डाव्या पंखाच्या टोकाला पोचा दिसतो? हा पडलेला पोचा नव्हे, ओतलेला आहे. पडला असता तर पाठीवर फुगवटा आला असता, इथे पाठ सपाट. म्हणजे ज्या खऱ्यावरून साचा घेतला त्याला पोचा होता, तो जसाच्या तसा उतरला. ह्या लोकांची चोरी इथेच सापडते! दोन बिल्ल्यांना एकाच जागी एकसारखा पोचा दिसला की समजायचं, एक दुसऱ्याच्या पोटातून निघालाय. लिहून ठेवा हवं तर.

काय? ट्रंकेच्या झाकणात चेंगरून पोचा आला होता? वडिलांच्याच हातून — लग्नाच्या वर्षी. बरं. म्हणजे पोचा वडिलांच्या बिल्ल्याचाच. आणि ते गेल्यावर पलटणीने बिल्ला घरी पाठवला, तो आईकडेच राहिला? घराबाहेर गेलाच नाही?

एकदा. पाठीची कडी तुटली म्हणून. दुरुस्तीला.

हं.

कुणाकडे, ते नाही माहीत — तुम्ही लहान होता. असेल कोणी. पितळेच्या डागडुजीची दहा दुकानं होती तेव्हा ह्या रस्त्याला, दहा! माझं काही एकट्याचं नव्हतं. ‘कोण म्हणालं तुमचं म्हणून’ म्हणता? मीच म्हणालो होय. — तसं काम अगदीच टाकाऊ नाही हं. चांगली वाळू कुठे मिळायची त्या वेळी? आणि कडीचा डाख बघा, हा वितळवून दिलेला जोड, एवढ्या वर्षांत जरा हलला नाही.

आणि आई काय म्हणते म्हणालात? दुकानातून आणला त्याच दिवशी? ‘हा ह्यांचा नव्हे’ — तेव्हापासून हेच? आणि तुम्ही सगळे हसलात. भाऊ एवढा शिकलेला तुमचा, तोही? डॉक्टरला दाखवलंत! वा रे वा! आणि आता मी ‘खरा आहे’ म्हणून लिहून द्यायचं, म्हणजे म्हातारीचं डोकं शांत होईल — त्यासाठी आलात. अहो, मला भिंग लागतं ते त्या बाईला अंगठ्याने कळलं. वेडी नाही ती. बिनडोक तुम्ही. आणि तरी रोज घासते? खोटा म्हणते, आणि घासते?

तिकडे काय बघताय? भिंतीकडे बघू नका. ती बिल्ल्यांची फळी विकायला नाही लावलेली. वरच्या ओळीतला तिसरा — तो माझा सगळ्यात — अहो, ती पलटणच मोडली होती, कुठे एक बिल्ला मिळत नव्हता, तुम्हाला काय कळणार! माणूस वर्षानुवर्षं शोधतो आणि एक दिवस एक बाई रुमालात घेऊन समोर उभी राहते, कडी तुटलीय म्हणून. चार दिवसांनी या म्हटलं मी. आली. बिल्ला तळहातावर तोलला, माझ्याकडे बघितलं, रुमालात गुंडाळला आणि गेली. मला वाटलं, हिला काय कळतंय.

रडायचं असेल तर बाहेर. इथे नाही. ते स्टूल भिंतीशी लावा, माझा हात पोचत नाही. दोन खिळे आहेत, वाकवा. काढा. भिंग नको त्याला — पाठ काळी आहे आणि तोंडही काळं पडलंय, एकतीस वर्षांत कोणी घासलंच नाही. अगदी खोट्यासारखा दिसतो आता. आईच्या हातात द्या, तिला सांगावं लागणार नाही.

आणि रुमालातला तो इथे ठेवा. तो माझा आहे. जा आता — दार ओढून घ्या.