आयुष्यभराची नेमणूक

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या फार्मसीत, फ्लूच्या लशीच्या रांगेत, सावनीच्या पुढे एक काका-काकू उभे होते. सुप्रीम कोर्टाच्या नव्या जजबाई सिनेटमध्ये दोन मतांच्या फरकाने कन्फर्म झाल्याचं टीव्हीवर सांगत होते.

“चार दिवस हिअरिंग झालं, पण बाईंनी एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही. निम्मा देश उगाच नाही चिडलाय,” काका म्हणाले.

“मी तरी कुठे दिलं होतं? मला बघायला आल्यावर सासूबाईंनी विचारलं, लग्नानंतर नोकरी सोडशील ना? मी म्हटलं, वेळ आली की बघू.”

“अगं, पण ही आयुष्यभराची नेमणूक आहे.”

“मग माझी काय कॉन्ट्रॅक्टवर होती? तुमच्या आत्या तर शेवटपर्यंत विरोधात होत्या.”

“आणि मी?”

“तुम्हाला कुणी विचारलं होतं?”

तेवढ्यात नर्सने काकांना विचारलं, कुठल्या दंडावर देऊ?

काकांनी काकूंकडे पाहिलं.

“डाव्या,” काकू म्हणाल्या.