नवाकोरा ओटा

नाही नाही, दार चुकलं नाहीस, हा हातोडा आमच्याकडचाच — ये, आत ये. चपला राहू देत पायात, नाहीतर मोजे पांढरे होतील. वरच्या मजल्यावर नवीन आलेला तूच ना, तनय? पुण्याचा? वॉचमन म्हणाला होता, अण्णा, तुमच्यातलाच पोरगा आलाय म्हणून. आता तू आलायस भांडायला — घरून काम करतोस, मीटिंगमध्ये ठोकाठोकी ऐकू जाते, सगळं कबूल — पण स्वल्प बस तरी. चहा मात्र नाही हं. गॅस बाल्कनीत काढून ठेवलाय आणि लायटर कुठल्या पोत्याखाली गेलाय, देव जाणे.

काय फोडतायत? ओटा. जुना? छे, जुना असता तर सांगायला लाज कशाला वाटली असती — नवाकोरा ओटा फोडतायत! काळा ग्रॅनाइट, तोंड बघून घ्यावं असा. अजून त्याच्यावर एक भाकरी थापली नाही कुणी. हस, हस, अख्ख्या बिल्डिंगचं हसून झालंय, तूच राहिला होतास. काय म्हणालास? तुलाही कॉन्ट्रॅक्टर हवाय? बाथरूमला ओल? अरे, मग बसच तू. कॉन्ट्रॅक्टर कसा निवडावा ते माझ्याकडून शीक — म्हणजे मी जे केलं त्याच्या बरोब्बर उलट कर, कल्याण होईल तुझं.

त्याचं असं झालं. आमची ही, शकुंतला, तिला स्वयंपाकघर नवीन करून हवं होतं. खरं म्हणजे स्वयंपाकघरसुद्धा नाही — ओटा तेवढा खाली हवा होता. हा फ्लॅट घेतला तेव्हा माझी आई होती. उंच बाई. तिच्या बेताने ओटा झाला आणि ही ठेंगणी, पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची. आता हिचे गुडघे दुखायला लागले, पाटावर चढ-उतर होईना. एवढंच मागणं. पण मी रिकामा माणूस! इथल्या शिवाजीनगरात, तुमच्या पुण्याच्या नव्हे, शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान आमचं, ते भाच्याच्या हाती दिलेलं, मला दिवस जाता जात नाही. म्हटलं, कॉन्ट्रॅक्टर मी बघतो, तू यात पडू नकोस. काय रुबाब!

पहिला आला वेणुगोपाल. अत्तराचा घमघमाट, डोक्यावर गॉगल, गाडी माझ्या स्कूटरला आडवी लावलेली. मला नमस्कार ना चमत्कार, थेट स्वयंपाकघरात — हिला म्हणतो, ‘अक्का, स्वल्प इल्लि निंतकोळ्ळि,’ जरा इथे उभ्या राहा — आणि लावली की टेप, जमिनीपासून थेट तिच्या कोपरापर्यंत! आणि मी? मी फ्रिजशेजारी, दुसरा फ्रिज असल्यासारखा. तो गेल्यावर म्हटलं, उर्मट आहे. ही म्हणाली, ‘मला बरा वाटला.’ झालं, तिथेच ठरलं. म्हणजे, हा नको, हे ठरलं.

मग आला महांतेश, बेळगावकडचा. दारातच म्हणतो, ‘नमस्कार काका, तुम्ही मराठी व्हय?’ — काय सांगू तुला! आम्ही पिढ्यान् पिढ्या इथले. बाहेर कन्नड, दुकानात हिंदी, मुलीशी अर्धं इंग्रजी. मराठी उरली ती आरतीपुरती आणि भांडणापुरती. आणि हा माणूस माझ्या हॉलमध्ये बसून म्हणतोय, ‘काळजी कशाला करतासा, घरचंच काम समजा’ — विरघळलो रे मी. त्याचं एक काम जाऊन बघितलं नाही, कुणाकडे चौकशी केली नाही. भाषेवर मेस्त्री निवडला! उद्या दाताचा डॉक्टर आडनाव बघून निवडशील का तू? — मी निवडेन. माझा भरवसा नाही.

काम सुरू झालं, धूळ सोसेना म्हणून ही गेली मुलीकडे, आर्याकडे, शहराच्या पार टोकाला बेळ्ळंदूरला. घरात मी आणि महांतेश. काय गप्पा, काय गप्पा! आणि काम चांगलंच केलं हो त्याने, खोटं कशाला बोलू, सांधा शोधून सापडायचा नाही. ओट्याची उंची तेवढी त्याने विचारली नाही. म्हणजे — विचारली. विचारली होती एकदा. बेळगावच्या कुंद्याचा, त्या मिठाईचा, विषय निघाला होता, मधेच म्हणाला, ‘काका, ओटा किती उंच धरू?’ मी म्हटलं, ‘आहे तेवढाच.’ आणि कुंदा पुढे चालू.

हिला आणलं. दाराला झेंडूचं तोरण लावलं होतं मी, वेड्यासारखं. ती ओट्यासमोर उभी राहिली, वर हात ठेवून बघितला — असा, खांदा उचलून. मी वाट बघतोय, आता ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, माझी तयारी होती. ती म्हणाली, ‘पाट कुठे आहे?’ पाट मी राडारोड्याबरोबर टाकून दिलेला — नव्या स्वयंपाकघरात जुना पाट कशाला! ‘बरं,’ म्हणाली. पिशवी सोडलीही नव्हती, तीच उचलली आणि रिक्षाने परत बेळ्ळंदूर. शेजारी मी सांगितलं, धूळ फार आहे ना, म्हणून. धूळ कुठली! आरशासारखं पुसून ठेवलं होतं सगळं.

मग काय, धरले वेणुगोपालचे पाय. आला, तसाच गॉगल. ‘सरी सार,’ म्हणजे बरं साहेब, ‘हाइट किती?’ म्हटलं, तुम्ही मोजली होती ना? म्हणतो, ‘काम दिलं नाहीत, मी कशाला लक्षात ठेवू?’ पोर दुकानाच्या पायरीवर दिसलं की शर्टाचा नंबर सांगणारा मी — बायकोचं कोपर कुठे येतं, ठाऊक नाही! आर्याला फोन लावला, ती म्हणाली, आईलाच विचारा. ही आली फोनवर. ‘तुम्हीच सांगा अंदाजे,’ म्हणाली. मी आपला इथे उभा राहून हाताने दाखवतोय — हे बघ, इथे, खिशापाशी तुझं डोकं येतं — फोनवर! तिला काय दिसणार? आणि हात इथे ठेवला तेव्हा वाटलं, अरे, शेवटचं कधी बरं हिचं डोकं इथे...

हं. काय म्हणत होतो? हां, तुझी मीटिंग. तर ती म्हणाली, ‘मी येते. राहायला नाही, माप द्यायला.’ आज येतेय. ती यायच्या आत तो ओटा दिसेनासा व्हायला हवा, म्हणून ही घाई. तुझ्या साहेबाला सांग, खालच्या काकाचं डोकं फिरलंय, खोटं नाही ते —

थांब. लिफ्ट. आपल्याच मजल्यावर थांबली ना? ऊठ, ऊठ बाबा, धड खुर्ची ही एकच आहे, पुसू दे मला. वेणुगोपालचा नंबर मग देतो. जिन्याने जा. आणि समोर आलीच तर नुसता नमस्कार कर, बोलू नकोस काही. नाही, दार ओढू नकोस. उघडंच राहू दे. जा.