डावी बाजू

आल्सपची मुलगी! मग हे काल ट्रेलरवरून गाडी उतरवताना सांगायला काय झालं होतं? नवऱ्याचं आडनाव पुढे केलंत, मिसेस कर्टिस म्हणे — आणि मी बावळट, शाफ्ट काढून टेबलावर घेऊन बसलो. आत्ता दारात उभ्या राहिलात तेव्हा हनुवटी दिसली. नॉर्मन आल्सपची हनुवटी अख्ख्या कॉव्हेंट्रीत दुसऱ्या कुणाला नाही, सुदैवाने. नाही, त्या खोक्यावर बसू नका, ग्रीस आहे, कोट खराब होईल. उभ्याच राहा. चहाही विचारणार नाहीये मी.

आलातच आहात तर बघून घ्या काय विकत घेतलंत ते. हे धरा, चाक फिरवणाऱ्या ह्या शाफ्टच्या टोकाचा जॉइंट. हलवा. हलतंय ना? हलायला नको. ही लाल पूड दिसतेय? हा गंज नाही नुसता, आतल्या सुया आहेत ह्या — चार कप, प्रत्येकात केसाएवढ्या बारीक सुया गोल उभ्या, त्यांच्यावर हा क्रॉस फिरतो — त्या कोरड्या पडल्या, घासल्या आणि त्यांचं पीठ झालं. ग्रीस मारायचं असतं, बाई, दर सहा हजार मैलांनी! आधीचा मालक दर रविवारी बॉनेटला मेण चोळत बसला असणार, खाली वाकून बघायला त्याचा सूट आड आला. आणि तुम्ही? क्लच सोडताना ठक् वाजत होतं की नाही? वाजत होतं. मग काय केलंत? रेडिओ मोठा केलात. सगळे हेच करतात.

कोणी ओळखलं मग? — तो? तुमचा बाप? शेजारच्या सीटवर बसून? पहिल्याच वळणाला? हं. कान शाबूत आहेत म्हणायचे. आणि काय म्हणाला... काय? पुन्हा सांगा. 'जॉइंट गेलेत, लेनकडे ने, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस' — असं? माझं नाव घेतलं त्याने?

लाज नाही त्याला. अकरा वर्षांपूर्वी ह्याच दारातून हाकललाय मी त्याला, हत्यारांची पेटी मागून फेकली होती. का, ते सांगितलं नसेल. सांगितलंय? मग माझ्याकडूनही ऐका, तो गोड करून सांगत असेल. थ्रॉसेलबाईंची गाडी, अशीच, हिरवी. तिचे जॉइंट बदलले आम्ही. कप दाबून बसवायचा आणि वरून सर्क्लिप, एवढीशी कडी, खाचेत बसली की कप जागचा हलत नाही. आता, ती कडी खाचेत जात नसेल तर त्याचा अर्थ एकच — आत एक सुई आडवी पडलीय, म्हणून कप पुरता बसलेला नाही. मग काय करायचं? सगळं बाहेर काढायचं, ग्रीस लावून सुया पुन्हा एकेक उभ्या करायच्या. शिकाऊ पोरालाही हे ठाऊक असतं. पण शुक्रवार होता, साडेपाच वाजलेले, चौथ्यांदा काढून चौथ्यांदा बसवलेलं, बोटं ग्रीसने बुळबुळीत, आणि तिकडे सगळे पबमध्ये पोचलेले — तर त्याने काय केलं? कानस घेतली आणि कडीच घासून पातळ केली! मग बसते की हो. टिक् करून बसते, अगदी खरी बसल्यासारखी, हातालाही कळत नाही. तीन आठवडे टिकली. मग केनिलवर्थच्या उतारावर डावा शाफ्ट सुटला, गाडी दगडी भिंतीत, आणि थ्रॉसेलबाईंचा पाय तीन ठिकाणी मोडला. अजून काठी आहे हातात. शाळेत नाच शिकवायच्या त्या.

तर हा तुमचा बाप. एका छताखाली बावीस वर्षं काम केलं आम्ही, एका गाडीखाली दोघं, एकमेकांशी न बोलता — तो उजवीकडे, मी डावीकडे, त्याला उजव्या कुशीवर झोपलं की खांदा दुखायचा म्हणून — बावीस वर्षांत एकदाही बाजू...

काय?

हो, डावा म्हटलं. डावाच सुटला. मग? त्या दिवशी बदलल्या होत्या बाजू. बदलतात कधीकधी. त्याला विचारा. — विचारलंत? काय म्हणाला? आठवत नाही म्हणाला ना? बघा! तेव्हाही हेच म्हणाला. इथे उभा होता, तुम्ही उभ्या आहात तिथेच. मी म्हटलं, नॉर्मन, ही कडी तू घासलीस. त्याने ती हातात घेतली, उजेडात धरली, बराच वेळ बघत होता, आणि म्हणाला, 'तू म्हणतोस तर घासली असेन, लेन.' भांडायचं ना माणसाने! एक शिवी द्यायची! तो एक शब्द बोलला असता तर मी तिथल्या तिथे... पण नाही. पेटी उचलली आणि गेला. माणूस असा उभ्या उभ्या मान्य करून टाकतो का? मग मी काय करायचं होतं? वर्कशॉपवर नाव माझं होतं, त्याचं नव्हतं.

बघू नकोस अशी. तीनचाकी सायकल घेऊन ह्याच फरशीवर तेल सांडायचीस तू, तेव्हाही अशीच बघायचीस.

माहीत आहे मला तो दर शनिवारी कुठे जायचा ते. थ्रॉसेलबाईंच्या घरचं झुडपांचं कुंपण कातरायला. पावसात, थंडीत, अकरा वर्षं — पावाची गाडी चालवायचा आठवडाभर, आणि शनिवारी शिडी घेऊन त्यांच्या दारात. गावात कुणाला ठाऊक नाही? मी शनिवारी त्या रस्त्याने जात नाही, वळसा घालून जातो, झालं समाधान? — आता नाही जात? हात? कधीपासून? चहाचा कपसुद्धा धरवत नाही? नॉर्मनला? त्याच्यासारख्या सुया कुणी लावल्या नाहीत इथे, एक कधी आडवी पडली नाही त्याच्या हातून. एकही नाही. म्हणून तर...

म्हणून तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळ्यांना माहीत असायला हवं होतं, त्याला तर हवंच होतं. मीच घासली ती. ऐकलंस? झालं? ह्याचसाठी आणली होतीस ना गाडी?

नाही? मग कशासाठी — नुसते जॉइंटच करायचे होते?

दोन्ही बाजूंचे करतो. मंगळवारी ने. त्याला फिरवून आण हवं तिथे, केनिलवर्थच्या उतारावरून सोड, काही होणार नाही. पण मी येणार नाही त्याच्यासमोर. नाही म्हणजे नाही. तूच सांग. थ्रॉसेलबाईंनाही सांग, चौकात उभी राहून सांग, माझ्या दारावर रंगवून ठेव, माझी ना नाही. त्याच्याकडे मात्र नाही येणार. तो शिव्या देणार असता तर आत्ता, ह्या कपड्यांवर आलो असतो. पण तो काय म्हणेल ते तुलाही ठाऊक आहे. 'असू दे, लेन,' म्हणेल. कापरा हात पुढे करेल वर.

नीघ तू. नीघ म्हणतो ना.