आधी घडी, मग कुलूप

—नाही, तू बस, मीच उभा राहतो, बसलं की मला सुचत नाही. तर तू म्हणतेस, तुझ्या पद्धतीनं सांकेतिक केलेला मजकूर संगणकानं दाबून लहान केला की निम्मा होतो, जागा वाचते. अगं, तेच तर वाईट! बॅग भरताना काय करतो आपण? आधी घडी, मग कुलूप. कुलूप लावल्यावरही कुणाला आतल्या कपड्यांच्या घड्या घालता येत असतील, तर त्याचा हात आत पोचतोय ना! दाबणारा प्रोग्राम शोधतो काय — पुन्हा पुन्हा येणारे तुकडे. ते त्याला दिसले, तर चोराला दिसणार नाहीत? माझा चष्मा... हां, डोक्यावरच आहे. हसू नकोस.

म्हणून नवशिक्यानं आधी दुसऱ्याचा संकेत फोडायला शिकावं. आपल्यालाच सुटणार नाही अशी गाठ कुणीही मारतं, त्यात काय मोठंसं? पहिल्या तासाला हेच शिकवायचो मी — म्हणजे शिकवतो. शिकवतोच ना अजून? विभागप्रमुख काही बोलले तुझ्याशी? नाही? बरं. बरं.

तू नमुना पाठवलास ना, त्याच्याशी सकाळपासून खेळत बसलो होतो. वाचायचा नव्हता गं, नुसता चाळा. एक तुकडा सारखा यायचा, तसाच्या तसा. म्हटलं, 'आहे' असेल. बसेना. 'सर' बसलं! मग त्याला चिकटलेला दुसरा तुकडा — 'बिचारे'. पुढचं काय, भराभर उसवत गेलं. चहा गार झाला, शपथ सांगतो, इतका आनंद कित्येक वर्षांत... 'सर बिचारे विसरतात. सर बिचारे तेच तेच सांगतात. नवशिक्यांचा वर्ग पुढच्या सत्रापासून मला द्यावा.'

हे बोलायचं नव्हतं मला. उठू नकोस. रडतेस कशाला, वेडे? खोटं थोडंच लिहिलंयस? असेनही मी सांगत तेच तेच, मला कसं कळणार? पण गंमत बघ — 'बिचारे' एकदाच लिहिलं असतंस, तर मला हे कुलूप उघडलं नसतं. तुझ्याही 'तेच तेच'नंच घात केला.

घे तू वर्ग. मी सांगतो विभागप्रमुखांना. फक्त पोरांना आधी फोडायला शिकव, आणि नमुना म्हणून खरं पत्र कधी पाठवू — जाऊ दे. नीघ आता. दार ओढून घे. आणि हे बघ, एक महत्त्वाचं राहिलंच, लिहून घे हवं तर: आधी घडी, मग कुलूप.

...का गं? अशी काय बघतेस?