अँटेना जरा डावीकडे

नवरा: डावीकडे. अगं, डावीकडे म्हटलं मी.

बायको: डावीकडेच नेलाय.

नवरा: तुझ्या डावीकडे नाही, माझ्या.

बायको: मी तुमच्याकडे तोंड करून उभी आहे. तुमचं डावं ते माझं उजवं. लग्न झाल्यापासून हेच चाललंय आपलं.

नवरा: बरं, मग उजवीकडे. हळू. आलं, आलं... गेलं. काय केलंस?

बायको: काही नाही. श्वास घेतला.

नवरा: मग जरा कमी घे. सहाला सुरू झालाय कार्यक्रम, साडेसहा वाजत आले. आणि पडद्यावर साध्या मुंग्यासुद्धा दिसत नाहीत. पूर्वी कसं होतं, मुंग्या कमी व्हायला लागल्या की कळायचं, आता चित्र जवळ आलंय.

बायको: दुकानदार काय म्हणाला ते विसरलात का? डिजिटलमध्ये मुंग्याबिंग्या नसतात. आलं तर लख्ख, नाहीतर मिट्ट काळोख. आणि अँटेना हलवला की जरा दम धरायचा, बॉक्सला सिग्नल शोधायला वेळ लागतो. तुम्ही एवढ्यात 'गेलं, गेलं' म्हणून ओरडता.

नवरा: दम धरायला वेळ कुठाय? तिकडे अख्खी शाळा टीव्हीसमोर बसलीय.

बायको: अख्खी शाळा? कुणी सांगितलं त्यांना?

नवरा: मी. सांगू नये की काय? स्टाफच्या ग्रुपवर टाकलं सकाळीच. 'आमची ही आज प्रश्नमंजूषेत. तयारी करून घेणारे अस्मादिक.'

बायको: असं लिहिलंत? अस्मादिक?

नवरा: मग खोटं आहे का? महिनाभर घासून घेतली तुला. नद्या, डोंगर, राजे, रोग, सगळं. हेडमास्तर रिटायर झाला म्हणून काय शिकवायचं विसरतो का? हा गुडघा कापायला काढला नसता ना, तर स्टुडिओत पहिल्या रांगेत बसलो असतो मी. पण मला घरी ठेवलंत आणि गेलात तुम्ही मावशी-भाची. तीही पोरगी तोंड उघडत नाही.

बायको: तिनेही सही केलीय. दाखवायच्या आधी निकाल फोडायचा नाही.

नवरा: नवऱ्याला सांगितलं म्हणून काय पोलीस येणार होते?

बायको: तुम्हाला सांगितलं म्हणजे ग्रुपवर टाकलंच.

नवरा: ते जाऊ दे. अँटेना जरा वर धर. खिडकीच्या वरच्या गजाला लागेल इतका.

बायको: हात भरून आले माझे. मी काय म्हणते, राहू द्या ना आज. भाची रेकॉर्ड करून ठेवणार आहे. पुढच्या आठवड्यात तिच्याकडे जाऊ, निवांत बघू. तिच्याकडे मोठा टीव्ही आहे.

नवरा: पुढच्या आठवड्यात? उद्या सकाळी बागेत ड्रॉइंगचे सर भेटणार, पीटीचे सर भेटणार. सगळ्यांनी बघितलेलं आणि मीच नाही? मी कुठल्या तोंडाने बोलू?

बायको: बोलू नका. एक दिवस फिरायला गेला नाहीत तर गुडघा काही रुसणार नाही.

नवरा: तू अशी काय करतेयस? बाकीच्या बायका गावभर सांगत सुटल्या असत्या. आणि मला एक कळत नाही. काल हाच अँटेना, हीच खिडकी, हाच टीव्ही. काल बातम्या कशा आरशासारख्या दिसत होत्या. आज एका रात्रीत काय झालं?

बायको: काल हवा स्वच्छ होती.

नवरा: आजही आहे.

बायको: मग समोरच्या बिल्डिंगमध्ये काहीतरी चालू असेल. मिक्सर वगैरे.

नवरा: काठी दे माझी.

बायको: कशाला उठताय? डॉक्टरांनी काय सांगितलंय?

नवरा: डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. सरक जरा. पडदा बाजूला कर बघू.

बायको: पडद्यामागे काय असणार? खिडकी आहे.

नवरा: खिडकीच आहे. आणि खिडकीला टेकवून हा एवढा मोठा स्टीलचा ट्रे आहे. हा इथे काय करतोय?

बायको: वाळत ठेवलाय.

नवरा: पडद्याच्या मागे?

बायको: ऊन येतं तिथे.

नवरा: संध्याकाळी? अगं, दुकानदाराने माझ्यासमोर सांगितलं तुला, अँटेना आणि खिडकीच्या मध्ये धातूची वस्तू येऊ देऊ नका. तू मान डोलावलीस. मला वाटलं, ऐकून घेतेय. तू तर मुद्दाम लक्षात ठेवलंस.

बायको: ठेवलं लक्षात. तुम्हीच म्हणायचात ना, लक्षात ठेव, लक्षात ठेव.

नवरा: का पण? माझ्यापासून काय लपवतेयस? हरलीस का?

बायको: सही केलीय मी.

नवरा: हरलीस. चेहराच सांगतोय. अगं, मग त्यात काय एवढं? हरेना का माणूस. टीव्हीवर गेलीस हेच खूप झालं. मी काय तुला वर्गाबाहेर उभं करणार होतो?

बायको: माझी नाही हो मला काळजी.

नवरा: मग कुणाची?

बायको: काढा तो ट्रे. काढा आणि बघा. नंतर मला बोलायचं नाही.

नवरा: हा काढला. आणि बघ. बघितलंस? ट्रे निघाला आणि चित्र आलं. अरे वा, चालू आहे की अजून. ही तू. निळी साडी छान दिसतेय. आधी सांगितलं असतंस तर मी...

बायको: ऐका आता.

सूत्रसंचालक: ...सगळी उत्तरं बरोबर. ताई, तुम्ही तर आम्हाला घाम फोडलात.

नवरा: फोडणारच. कुणी शिकवलंय.

सूत्रसंचालक: आता शेवटचा प्रश्न. याचं उत्तर बरोबर आलं की तुम्ही थेट महाअंतिम फेरीत. ऑक्टोपसला किती हृदयं असतात? एक, दोन, तीन की चार?

नवरा: हात्तिच्या. एक. हा तर आपण केलेला प्रश्न. अगं, विचार कसला करतेयस? सांग की.

बायको: सांगतेय ती. तुमच्यासारखीच घाई आहे तिला.

टीव्हीतली बायको: एक.

नवरा: शाबास.

सूत्रसंचालक: नक्की? बदलायचं नाही?

टीव्हीतली बायको: नाही. एकच.

सूत्रसंचालक: अरेरे, ताई. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.

नवरा: तीन? काहीतरीच. प्राणी म्हटला की हृदय एक. यांचं काहीतरी चुकलंय, पत्र लिहायला पाहिजे यांना.

बायको: त्यांचं नाही चुकलं.

सूत्रसंचालक: पण तुम्ही इतक्या ठामपणे सांगितलंत, म्हणजे कुणीतरी...

नवरा: गेलं. नेमकं आत्ता गेलं. नुसते चौकोन. हललीस का तू?

बायको: तुम्ही हललात. काठी लागली अँटेनाला.

नवरा: काय विचारलं त्याने? कुणीतरी काय? तू काय सांगितलंस? नाव घेतलंस माझं? अगं, ड्रॉइंगचे सर बघतायत.

बायको: अँटेना होता तिथे ठेवा आणि हात काढा. दम धरा जरा. येईल.

नवरा: कुठे येतंय?

बायको: येतंय. हे बघा.

सूत्रसंचालक: ...म्हणजे घरात तयारी करून घेणारं कुणी नव्हतं?

टीव्हीतली बायको: नाही हो. माझी मीच वाचत होते, स्वयंपाक करता करता. वाचन कमी पडलं, दुसरं काय.

(टीव्हीवर साबणाची जाहिरात लागते. दोघंही ती शेवटपर्यंत बघतात.)

नवरा: तू तीन म्हणाली होतीस.

बायको: कधी?

नवरा: तुला माहितीये कधी. नातीचं ते प्राण्यांच्या चित्रांचं पुस्तक होतं तुझ्या हातात. तू म्हणालीस, अहो, यात तीन लिहिलंय. आणि मी ते पुस्तक मिटलं. म्हटलं, पोराटोरांची पुस्तकं वाचून कुणी स्पर्धेला जातं का?

बायको: जाऊ द्या.

नवरा: मग तिथे तरी तीन सांगायचंस. मी काय तिथे होतो?

बायको: होतात ना. डोळ्यांवर ते दिवे, समोर तो सूट घातलेला माणूस, मला तर माझं नाव आठवेना. तुमचं बोट तेवढं दिसत होतं, शिकवताना टेबलावर आपटायचात ते. आधीची सगळी उत्तरं त्या बोटानेच दिली मला. मग शेवटच्या प्रश्नाला त्याला कशी सोडू?

नवरा: महाअंतिम फेरीत गेली असतीस तू.

बायको: गेले असते.

नवरा: आणि घरी येऊन एक शब्द बोलली नाहीस. मी रोज विचारत होतो, कसं झालं, कसं झालं. वर ग्रुपवर अस्मादिक म्हणून मिरवत होतो.

बायको: तुम्ही इतके खूश होतात. गुडघा धरून का होईना, शिट्टी वाजवत होतात. मला नाही सांगवलं.

नवरा: फोन वाजतोय.

बायको: कुणाचा?

नवरा: ड्रॉइंगच्या सरांचा. वाटच बघत असणार.

बायको: उचलू नका. आणि उचललात तरी मी टीव्हीवर बोलले तेच सांगा. मला काय, मला कोण ओळखतंय? तुम्ही मात्र हेडमास्तर आहात त्यांचे अजून. माझ्या नावावर राहू द्या ती चूक.

नवरा: हॅलो. हो, आत्ताच बघितलं. नाही हो सर, वाचन नाही कमी पडलं तिचं. तीन हे तिला माहीत होतं. एक मी शिकवलं. हो, मीच. पुस्तक दाखवत होती, तर ते मिटून ठेवलं मी. हसा, हसा. पीटीच्या सरांनाही सांगा. नाहीतर थांबा, मीच लिहितो ग्रुपवर.

बायको: अहो.

नवरा: काय गं?

बायको: स्पीकरवर टाका ना. मलाही ऐकू द्या.